कोअ‍ॅक्सियल की कंपोनंट, कंपनीच्या स्टिरिओवर काय बसवायचं

गाडीतले कंपनीचे स्पीकर बदलायचे म्हटलं की बहुतेकांचा हिशोब ठरलेला असतो, कोअ‍ॅक्सियल म्हणजे साधे, कंपोनंट म्हणजे भारी, मग चार पैसे जास्त गेले तरी कंपोनंटच घेऊ. मीही तेच केलं आणि नंतर डोकं धरून बसलो.

दोन्हीत माल तोच असतो बरं का, जाड आवाजाला वूफर आणि बारीक आवाजाला ट्वीटर. कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या बरोब्बर मधोमध एका छोट्या खांबावर बसतो, आणि जाड आवाज त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून बहुतेक वेळा एक कपॅसिटर तेवढा लावलेला असतो, वूफरला मात्र सगळंच जातं. जुना काढा, नवा लावा, झालं. कंपोनंटमध्ये ट्वीटर सुटा, वूफर सुटा आणि मधे क्रॉसओव्हरचा डबा, जो साधारण 3-4 हजार हर्ट्झच्या आसपास वाटणी करतो, वरचं ट्वीटरला, खालचं वूफरला. एकट्या कपॅसिटरचा उतार ऑक्टेव्हमागे (म्हणजे हर्ट्झ दुप्पट किंवा निम्मे होताना) 6 डेसिबल, इथे बऱ्याचदा 12, म्हणजे एकमेकांच्या कामात लुडबुड कमी.

पण खरी गंमत ट्वीटरच्या जागेत आहे. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, जाड आवाज कसाही पसरतो. दारातला स्पीकर असतो पायापाशी, त्यामुळे कोअ‍ॅक्सियलमधली झांज अर्धी तुमच्या पोटरीला ऐकू जाते आणि अर्धी सीटला. कंपोनंटचा ट्वीटर आरशाच्या आतल्या त्रिकोणात नाहीतर काचेशेजारच्या खांबावर बसवता येतो, मग गायक जमिनीवरून उठून डॅशबोर्डवर येतो.

येतो म्हणजे, नीट बसवला तर. मी हौसेनं खांबावर पार वर लावला आणि गाण्यातले सगळे 'स' आणि 'श' डोळ्यासमोर, बाकीचा आवाज गुडघ्यातून, एका बाईचे दोन तुकडे केल्यासारखं. ट्वीटर खाली त्रिकोणात आणून तोंड थोडं फिरवल्यावर जरा जुळलं.

दुसरी फजिती आवाजाची. नवे स्पीकर जुन्यापेक्षा हळू वाजायला लागले! स्टिरिओवर 50 वॅट गुणिले 4 लिहिलेलं असतं ते पीक, म्हणजे क्षणभराची कमाल, खरी आरएमएस म्हणजे सतत मिळणारी ताकद चॅनेलमागे 15-20 वॅटच्या आसपास. कंपनीच्या स्पीकरचा कागदी कोन (आवाज काढणारा हलता पडदा) हलका असतो, थोड्या ताकदीतही हलतो, आणि बरेच भारी कंपोनंट अ‍ॅम्प्लिफायर गृहीत धरून बनवलेले असतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते, 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला 89 वाल्याइतकं वाजायला दुप्पट ताकद लागते. त्यामुळे अ‍ॅम्प लावणार नसाल तर माझं सरळ मत, जास्त सेन्सिटिव्हिटीचे चांगले कोअ‍ॅक्सियल घ्या आणि गप्प बसा.

याला एक अपवाद आहे, आणि तिथेच जास्त लोक फसतात. तुमच्या गाडीत कंपनीनेच ट्वीटर वेगळे दिलेत का ते आधी बघा. दिले असतील तर तो कंपोनंटचाच गरीब भाऊ समजा, ट्वीटरला एक कपॅसिटर चिकटवलेला आणि बऱ्याच गाड्यांत दारात पूर्ण आवाज सोडलेला. अशा दारात कोअ‍ॅक्सियल टाकला की एका बाजूला दोन-दोन ट्वीटर होतात आणि अर्ध्या तासात कान किटतात. तिथे कंपोनंट घ्या, ट्वीटरची जागा आयती आहेच, नाहीतर कंपनीच्या ट्वीटरची वायर काढून ठेवा.

ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो तो आकडा, तेवढे जुन्या स्पीकरमागे वाचून घ्या. बहुतेक 4 असतात, पण काही कंपनी-अ‍ॅम्पवाल्या सिस्टिममध्ये 2 असतात आणि तिथे 4 लावले की आवाज पडतो. उलट 4 च्या साध्या स्टिरिओला 2 लावले तर तो तापतो.

बाकी कोणतेही घ्या, काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला घासत नाही ना ते बघा. आणि वायर उलटी जोडू नका, माझी एका दाराची उलटी होती, दोन दिवस बेस गायब आणि मी स्पीकरला शिव्या घालतोय. शेवटी वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की कोन टक्कन बाहेर यायला हवा, पण ज्या टोकाला मी प्लस समजत होतो तिथे लावल्यावर तो आत गेला.

दाराच्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, कोनाच्या मागचा आवाज त्यातून पुढे येतो आणि बेस खाऊन टाकतो. ती बुजवून, पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवून, स्पीकरभोवती फोमची रिंग लावली तेव्हा जेवढा फरक पडला तेवढा स्पीकर बदलूनही पडला नव्हता, खोटं नाही सांगत. मागच्या दारांना मी हातच लावला नाही, तिथे कंपनीचेच आहेत आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल) थोडा पुढे सरकवून ठेवलाय.