घरच्यांसोबत राहून कच्चा आहार सुरू करताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा कच्च्या जेवणाचा डबा सुरू केलेल्या ग्राहकांपैकी बऱ्याच जणांचा फोन आठ-दहा दिवसांत येतो. तक्रार भाज्यांच्या ताजेपणाची किंवा चवीची नसते. "घरात रोज जेवताना वाद होतोय, काय करू?" असा प्रश्न असतो. एकटं राहणाऱ्याला कच्चा आहार जमवणं त्या मानाने सोपं. एकाच ओट्यावर इतरांचा स्वयंपाक चालू असताना ते जमवणं वेगळं, आणि आमच्या अनुभवात माणसं बहुधा तिथेच थांबतात. म्हणून या पत्रकात पाककृती दिलेल्या नाहीत. घर सांभाळून हा बदल कसा करायचा आणि तो करताना तब्येत कशी जपायची, एवढंच सांगितलं आहे.

आधी थोडक्यात व्याख्या. साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापवलेलं अन्न म्हणजे कच्चं अन्न. भिजवणं, मोड आणणं, किसणं, वाटणं, आंबवणं, मंद उष्णतेवर वाळवणं हे सगळं यात चालतं. काजूचं मात्र लक्षात ठेवा. त्याच्या कवचात त्वचा भाजून काढणारं तेल असतं, त्यामुळे कवच फोडण्याआधी बी सहसा वाफवतात किंवा भाजतात. "कच्चे" म्हणून मिळणारे काजू बहुतेक वेळा खऱ्या अर्थाने कच्चे नसतात.

जाहीर करू नका, वाढवत जा

"उद्यापासून मी शिजवलेलं खाणार नाही" हे वाक्य टाळा. घरात जी व्यक्ती रोज सगळ्यांसाठी रांधते, तिच्या कानावर ते "तू केलेलं मला नको" असं पडतं. पुढचा सगळा वाद त्यातून सुरू होतो, आहार बाजूलाच राहतो.

पहिले दोन आठवडे ताटातलं काहीही कमी करू नका. फक्त एक वाडगा कच्चं वाढवा आणि तो जेवणाच्या सुरुवातीला खा. नंतर सकाळचा नाश्ता पूर्ण कच्चा करून पाहा. अनेक घरांत सकाळी जो तो आपापल्या वेळेला खातो, त्यामुळे त्याचा कुणाला त्रास होत नाही. हे अंगवळणी पडलं की रात्रीचं अर्धं ताट. इतकं हळू जाण्याचं कारण पोटातही आहे. तंतुमय पदार्थ एकदम वाढले की पोट फुगतं, गॅस होतात, आणि घरच्यांना "बघ, सांगितलं होतं ना" म्हणायला जागा मिळते. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त प्या.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती आम्हाला एका ग्राहकाने सांगितली. घरात भाजी चिरली जात असते तेव्हा आपणही सुरी घेऊन शेजारी उभं राहायचं, आणि चिरलेलं कढईत पडण्याआधी आपला वाटा बाजूला काढायचा. गाजर, कोबी, सिमला मिरची तीच, बाजार एकच, चिरणं एकच. फक्त एक वाटा गॅसवर जात नाही. दुसरा स्वयंपाक केल्याचं ओझं कुणावर पडत नाही आणि तुम्ही ओट्याशी हजर असता. आमच्या डब्याशिवायही हे करता येतं, आणि सुरुवातीला तसंच करून पाहा असं आम्ही नव्या ग्राहकांना मनापासून सांगतो.

जेवायला लागणारा वेळ हीदेखील खरी अडचण आहे. कच्चं अन्न चावायला वेळ लागतो. बाकीच्यांची ताटं उचलली गेली, कुणीतरी टेबल पुसायला लागलं, आणि तुमच्या वाडग्यात अजून अर्धं गाजर शिल्लक! दोन-चार दिवस असं झालं की माणूस आपलं वेगळं जेवायला लागतो. ते होऊ देऊ नका. कठीण भाज्या चिरण्याऐवजी किसून घ्या, पालेभाजी बारीक कापून मीठ-लिंबू लावून दहा मिनिटं मुरू द्या म्हणजे ती मऊ पडते, आणि इतरांच्या दहा मिनिटं आधी खायला बसा.

दुसऱ्याच्या ताटावर बोलू नका, एवढी एक विनंती. आमच्या जुन्या पत्रकात "शिजवल्याने अन्न मरतं, त्यातली एन्झाइम नष्ट होतात" असं छापलं होतं. आम्ही ते काढून टाकलं, कारण अन्नातली एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी द्रव्यं, ही इतर प्रथिनांसारखीच असतात आणि जठरातल्या आम्लात त्यांचं बहुतांशी विघटन होतं. भाजी उकळल्याने क जीवनसत्त्व घटतं हे खरं. पण टोमॅटोतलं लायकोपीन (लाल रंगद्रव्य) आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं तर शरीराला जास्त मिळतं. थोडक्यात, घरच्यांचं ताट चुकीचं नाही.

तब्येतीचं

काकडीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५ किलोकॅलरी असतात, बदामाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५८०. पोट भरल्यासारखं वाटतं पण ऊर्जा पुरत नाही, ते यामुळे. नुसत्या भाज्या-फळांवर राहू नका; दाणे, बिया, केळी, अ‍ॅव्होकाडो यांचा रोज हिशोब ठेवा. दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या ५१३ जणांचा जर्मनीतला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अंशतः किंवा पूर्ण थांबलेली आढळली. वजन झपाट्याने उतरत असेल किंवा पाळी चुकली तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा. याच कारणाने शंभर टक्के कच्च्या आहाराचा आग्रह आम्ही धरत नाही. दिवसातलं एखादं जेवण घरच्यांबरोबर शिजवलेलं घेणारे ग्राहक आमच्याकडे सर्वांत जास्त काळ टिकले आहेत.

ब-१२ वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं. प्राणिजन्य काहीच खात नसाल तर त्याची गोळी घ्यावीच लागेल. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाज्या अचानक वाढवू नका, कारण त्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरोधात काम करतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

लहान मुलांना या आहारावर ठेवू नका, त्यांनी हट्ट केला तरी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खे दाणे किंवा कच्च्या गाजराचा कडक तुकडा देऊ नका, घशात अडकतो.

काही गोष्टी कच्च्या खायच्याच नाहीत. राजमा त्यात पहिला: चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरतात. तो भिजवून, पाणी बदलून किमान १० मिनिटं खळखळून उकळावा लागतो, आणि मोड आणले तरी तो कच्चा खाण्याजोगा होत नाही. हिरवट पडलेला बटाटा आणि कच्चा कसावा (ज्यापासून साबुदाणा बनतो तो कंद) हेही नकोत.

मोड आणि बरणी

मोडांबद्दल जास्त लिहितो आहोत, कारण डब्यातला हा भाग सगळ्यांत नाजूक. दाण्याला मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई-कोलाय या जिवाणूचा संसर्ग पसरला आणि ५० हून अधिक माणसं दगावली. घरात गरोदर स्त्री, लहान मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर त्यांना कच्चे मोड देऊ नका. त्यांच्यासाठी ते नीट शिजवा. फ्रीजमधला वाडगा कुणीही उघडतं, तेव्हा मोडांच्या वाडग्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी लावा.

घरी मूग मोडवायचे तर ८ ते १२ तास भिजवा, पाणी पूर्ण काढा, बरणीच्या तोंडाला स्वच्छ पातळ कापड बांधा आणि बरणी तिरकी, तोंड खाली करून ठेवा. दिवसातून दोनदा धुऊन निथळा. दोन दिवसांत पांढरं टोक बोटाच्या पेरापर्यंत लांबतं. हात लावल्यावर चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर ती बरणी टाकून द्या, धुऊन वाचवू नका. आमच्यापैकी एकीच्या घरी आईने "उघडी राहिली वाटतं" म्हणून काळजीने बरणीला घट्ट झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढताच ओटाभर वास पसरला. चूक आईची नव्हती. ती बरणी कशासाठी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बरणी कुठे राहणार, ती कोण धुणार, हे पहिल्याच दिवशी घरच्यांशी बोलून घ्या.

डबा आल्यावर

डबा आला की लगेच फ्रीजमध्ये, ४ अंश किंवा त्याखाली. चिरलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. घरात मांस-मासे आणले जात असतील तर ते खालच्या कप्प्यात आणि आपला डबा वरच्या. सुरी आणि चॉपिंग बोर्डही वेगळे ठेवा. भाज्या आम्ही धुऊन देतो, मोडही धुतलेले असतात, पण धुण्याने मोडांतले सगळे जंतू जात नाहीत, म्हणून वर सांगितलेली काळजी तशीच घ्या.

डबा सुरू करताना आम्ही औषधं, अ‍ॅलर्जी आणि घरातल्या माणसांबद्दल विचारतो; मोड द्यायचे की नाही आणि दाणे किती, हे त्यावरून ठरतं. घरी कार्यक्रम असेल, कुणी आजारी असेल, किंवा आठवडाभर सगळ्यांबरोबरचंच जेवावंसं वाटत असेल, तर आदल्या दिवशी कळवा. डबा थांबवू. त्या दिवसांचे पैसे लागत नाहीत, आणि पुन्हा सुरू करताना पहिल्या आठवड्यासारखा छोटा डबाही मागून घेता येतो.