थॉमस जेफरसनचा पत्रव्यवहार

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) याने आयुष्यभर लिहिलेली आणि त्याला आलेली पत्रं. त्याने स्वतः लिहिलेल्या पत्रांचा आकडा बहुतेक ठिकाणी १९,००० च्या आसपास देतात, कुठे १८,०००, आणि दोन्ही अंदाजच आहेत. सरकारी खलिते आणि खाजगी पत्रं वेगळी काढणं अवघड जातं, कारण हा माणूस एकाच पत्रात परराष्ट्र धोरण, भाजीपाल्याचं बी आणि ग्रीक उच्चार असं सगळं कोंबायचा.

सुरुवातीच्या काळातलं फार कमी हाती लागतं. १ फेब्रुवारी १७७० ला व्हर्जिनियात शॅडवेल इथलं त्याचं घर जळालं आणि त्यात तोपर्यंतचे बहुतेक कागद गेले. बायको मार्था १७८२ च्या सप्टेंबरमध्ये वारली, त्यानंतर दोघांमधली पत्रं त्याने जाळली असं सर्वसाधारणपणे मानतात, ती कुठे सापडलेली नाहीत एवढं मात्र नक्की. आईबद्दलही त्याच्या लिखाणात जवळजवळ काही नाही.

पुढचं इतकं टिकलं कसं, तर नकलांमुळे आणि एका रजिस्टरमुळे. नोव्हेंबर १७८३ पासून जून १८२६ पर्यंत, म्हणजे जवळपास ४३ वर्षं, त्याने आपल्या आवक-जावक टपालाची नोंदवही ठेवली. कुठलं पत्र कधी लिहिलं, कुणाला, कुणाचं आलं, कधी पोचलं, हे सगळं त्यात आहे. त्यामुळे हरवलेली पत्रंसुद्धा निदान हरवली आहेत हे कळतं, ही सोय त्या काळातल्या फार थोड्या माणसांच्या बाबतीत मिळते. या वहीवरूनच त्याने एकदा मोजून पाहिलं तर १८२० या एका वर्षात १,२६७ पत्रं आलेली निघाली, आणि १८२२ मध्ये त्याच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सला लिहिताना त्याने याबद्दल चांगलंच रडगाणं गायलंय, की उत्तरं देता देता जीव जातो.

नकलांच्या यंत्रांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच घोळ जास्त आहेत. आधी तो जेम्स वॉटचा कॉपी प्रेस वापरायचा, ज्याचं पेटंट १७८० चं. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचं, शाई त्या कागदावर उलटी उतरते, आणि कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सुलटी वाचता येते. कल्पना छान पण नकला पुसट यायच्या आणि काळाबरोबर आणखी फिक्या झाल्या, काही तर आज डोळ्यांनी लागतच नाहीत. पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना (१७८५–८९) तो हेच वापरत होता आणि प्रवासासाठी एक छोटा प्रेसही त्याने करवून घेतला.

मग आला पॉलिग्राफ. आज या शब्दाने खोटं पकडायचं मशीन डोळ्यासमोर येतं, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. यात दोन लेखण्या सांध्यांच्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, एक हातात धरून लिहायचं आणि दुसरी शेजारच्या कागदावर तेच आपोआप लिहीत जाते. हे यंत्र जेफरसननेच शोधलं असं अजूनही कुठे कुठे छापलेलं दिसतं, ते चूक आहे. अमेरिकेतलं पेटंट जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज माणसाचं, १८०३ चं. तो इंग्लंडला परतला आणि अमेरिकेतले हक्क फिलाडेल्फियाचा चित्रकार चार्ल्स विल्सन पील याच्याकडे आले. पण मुळात कल्पना हॉकिन्सची तरी का म्हणावी हाही प्रश्न आहे, कारण एका वेळी दोन प्रती लिहिणाऱ्या यंत्राचा दावा सतराव्या शतकात विल्यम पेटी या इंग्रज विद्वानाने केलेला होता आणि चित्रं लहानमोठी करायचा पँटोग्राफ त्याच्याही आधीचा. हॉकिन्सने जुनं तत्त्व घेऊन रोज वापरता येईल असं यंत्र केलं, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. जेफरसनच्या हाती ते १८०४ च्या सुरुवातीला पडलं, वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोबच्या मार्फत. त्याचा वाटा सुधारणांचा: हे ढिलं आहे, ते घट्ट करा, असं तो पीलला सतत कळवत राहिला आणि पील बिचारा बदल करत राहिला. एक यंत्र राष्ट्राध्यक्षांच्या घरी, एक मॉन्टिसेलोला, म्हणजे व्हर्जिनियातल्या त्याच्या स्वतःच्या घरी. १८०९ पर्यंत तर जुन्या प्रेसच्या नकला नकोशा वाटतात इतकी सवय लागली होती.

याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. नक्कल ठेवणाऱ्याला माहीत असतं की हे पुढे कुणीतरी वाचणार आहे. त्यामुळे त्याची पत्रं मोकळी वाटली तरी पूर्ण मोकळी नाहीत असं धरून वाचलेलं बरं.

पॅरिसमध्ये ओळख झालेली चित्रकार मारिया कॉस्वे हिला लिहिलेलं १२ ऑक्टोबर १७८६ चं पत्र, ज्यात त्याचं डोकं आणि त्याचं हृदय वाद घालतात, सगळ्यात प्रसिद्ध. ते त्याने डाव्या हाताने लिहिलं कारण उजवं मनगट मोडलं होतं. मनगट कधी मोडलं यावर बरंच लिहिलं गेलंय. जुने चरित्रकार ४ सप्टेंबर म्हणायचे, पण त्याच्या हिशेबाच्या वहीत १८ सप्टेंबरला दोन सर्जनना पैसे दिल्याची नोंद आहे, त्यामुळे आता १८ च धरतात आणि तेच योग्य वाटतं. कसं मोडलं? कुंपणावरून उडी मारताना, असं सांगतात. तो स्वतः एवढंच लिहितो की उजव्या हाताची हकीकत डाव्याने सांगायची तर फार लांबेल.

पत्र फुटल्याचा फटका त्याला मझेई प्रकरणात बसला. फिलिप मझेई या इटालियन मित्राला २४ एप्रिल १७९६ ला लिहिलेल्या पत्रात त्याने विरोधी गटावर तोंडसुख घेतलं होतं. ते इटालियनमध्ये छापलं गेलं, तिथून फ्रेंचमध्ये, आणि १७९७ मध्ये फ्रेंचमधून परत इंग्रजीत. लोकांनी त्यातला टोला पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्यावर आहे असं वाचलं, आणि तीन भाषा फिरून आलेल्या मजकुराबद्दल खुलासा तरी काय करणार, त्याने जाहीरपणे गप्प राहणंच पसंत केलं.

जॉन अ‍ॅडम्सशी पत्रव्यवहार १८०१ मध्ये तुटला. १८०४ मध्ये जेफरसनची मुलगी मारिया गेली तेव्हा अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने नवऱ्याला न सांगता सांत्वनाचं पत्र लिहिलं, पण काही पत्रांतच जुनी भांडणं वर आली आणि ते थांबलं. शेवटी दोघांचा मित्र डॉ. बेंजामिन रश याच्या मध्यस्थीने १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने पत्र टाकलं आणि सोबत घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय असं लिहिलं. पत्र आधी पोचलं, पार्सल मागे राहिलं, आणि जेफरसनने खरंच कापड समजून व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर लांबलचक उत्तर लिहिलं. प्रत्यक्षात ती अ‍ॅडम्सच्या मुलाच्या व्याख्यानांची दोन पुस्तकं होती. यानंतर दोघांत १५८ पत्रं झाली, त्यातली १०९ अ‍ॅडम्सची. दोघंही ४ जुलै १८२६ ला वारले.

गुलामगिरीबद्दल पत्रांत हळहळ बरीच आहे, १८२० मध्ये जॉन होम्सला लिहिताना तो लांडग्याचे कान धरून बसल्याची उपमा देतो, ना धरवतो ना सोडवतो. सॅली हेमिंग्ज, म्हणजे त्याच्याच घरातली गुलाम स्त्री, जिच्यापासून त्याला मुलं झाली असं बहुतेक इतिहासकार मानतात, मात्र या हजारो पत्रांत जवळपास नाहीच.

मृत्यूनंतर कागद नातू थॉमस जेफरसन रँडॉल्फकडे गेले, त्याने १८२९ मध्ये चार खंड काढले. १८४८ मध्ये सरकारने सार्वजनिक स्वरूपाचे कागद २०,००० डॉलरला घेतले, जे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. घरगुती भाग १८९८ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला मिळाला. जुन्या आवृत्त्यांत काटछाट आहे म्हणून अभ्यासक प्रिन्स्टन विद्यापीठाची, ज्युलियन बॉइडने सुरू केलेली आवृत्ती वापरतात. तिचा पहिला खंड १९५० चा. १९९९ पासून निवृत्तीनंतरच्या काळाचं संपादन मॉन्टिसेलोहून स्वतंत्रपणे चालतं, आणि २०१३ पासून संपादित मजकूर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट वाचता येतो.