विधानसभा विसर्जनाचे न्यायालयीन पुनर्विलोकन (भारत)

भारतात राज्याची विधानसभा मुदतीपूर्वी दोन वाटांनी विसर्जित होते. मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल अनुच्छेद १७४ खाली ती विसर्जित करतात. यावरून सहसा कोर्टकचेरी होत नाही. दुसरी वाट अनुच्छेद ३५६ ची, म्हणजे राष्ट्रपती राजवटीची. त्यात केंद्र सरकारच्या सल्ल्याने, लोकांनी निवडून दिलेले सभागृहच मोडीत निघते. अशा विसर्जनाची घटनात्मक वैधता उच्च न्यायालयाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने तपासणे, हा या नोंदीचा विषय.

सुरुवातीचा काळ न्यायालयांच्या संकोचाचा होता. आणीबाणीत, १९७५ साली, ३८व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींचे समाधान (राज्याचा कारभार घटनेनुसार चालू शकत नाही, अशी त्यांची खात्री) कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद ठरणार नाही असे लिहूनच टाकले. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आल्यावर गृहमंत्री चरणसिंग यांनी नऊ काँग्रेसशासित राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना विधानसभा विसर्जनाची शिफारस करण्याचा सल्ला दिला. राजस्थानसह काही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, पण सात न्यायमूर्तींच्या पीठाने दावे फेटाळले. उघड दुर्हेतू किंवा पूर्णपणे असंबद्ध कारण दिसले तर दखल घेऊ, एवढी फट मात्र ठेवली. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने ते बंदीचे कलम काढले, तरी राज्यकर्त्यांना वचक बसला नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने तोच कित्ता गिरवत नऊ विधानसभा विसर्जित केल्या. महाराष्ट्रातले शरद पवारांचे ‘पुलोद’ (पुरोगामी लोकशाही दल) सरकार त्यातच गेले.

चित्र बदलले ते कर्नाटकचे मुख्यमंत्री असलेल्या एस. आर. बोम्मई यांच्या खटल्याने. एप्रिल १९८९ मध्ये कर्नाटकात जनता दलाच्या एका आमदाराने, आपण आणि आणखी १९ जण सरकारचा पाठिंबा काढत आहोत, अशी पत्रे राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांना दिली. राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना न विचारताच दिल्लीला अहवाल धाडला. दुसऱ्याच दिवशी त्या १९ पैकी सात जणांनी, आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, असे लेखी कळवले. अधिवेशन बोलावा, सभागृहात बहुमत सिद्ध करतो, असे बोम्मई सांगत राहिले. राज्यपालांनी ऐकले नाही आणि २१ एप्रिलला सरकार व विधानसभा दोन्ही गेली. कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्यपालांचीच बाजू उचलून धरली.

११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने याचा निकाल दिला. पीठावरील एक प्रमुख निकालपत्र मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या न्या. पी. बी. सावंत यांचे होते. बहुमताची परीक्षा राज्यपालांच्या दालनात नव्हे, सभागृहात व्हावी, हे सूत्र आज सर्वांना पाठ आहे. विसर्जनापुरते पाहिले तर त्याहून मोलाचा भाग वेगळाच: राष्ट्रपती राजवटीच्या उद्घोषणेला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा फक्त निलंबित ठेवता येते, विसर्जित करता येत नाही. मंत्रिमंडळाने काय सल्ला दिला हे गोपनीय असले तरी तो ज्या सामग्रीवर आधारला ती केंद्राला न्यायालयापुढे ठेवावी लागते. उद्घोषणा अवैध ठरल्यास न्यायालय विधानसभा पुन्हा जिवंत करू शकते, आणि सुनावणी चालू असताना नव्या निवडणुका रोखूही शकते. कर्नाटक, नागालँड व मेघालयातली कारवाई घटनाबाह्य ठरली. बाबरी मशीद पाडल्यानंतर बरखास्त झालेल्या मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशातली मात्र धर्मनिरपेक्षतेच्या मुद्द्यावर वैध ठरली. बोम्मईंना पद परत मिळाले नाही. तोवर कर्नाटकात निवडणूक होऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

बिहारमध्ये २००५ साली या तत्त्वांचा कस लागला. फेब्रुवारीच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत नव्हते, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि तिला संसदेची मान्यताही मिळाली, त्यामुळे बोम्मई निकालाचा तो अडसर उरला नाही. मे महिन्यात लोकजनशक्ती पक्षाचे आमदार संयुक्त जनता दलाकडे वळू लागले, तेव्हा राज्यपाल बुटासिंग यांनी घोडेबाजार चालल्याचे कळवून विसर्जनाची शिफारस केली. केंद्रीय मंत्रिमंडळाची रात्री उशिरा बैठक झाली, मॉस्कोत असलेल्या राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्याकडे फॅक्सने कागद गेले आणि २३ मे रोजी, एकदाही न भरलेली विधानसभा विसर्जित झाली.

घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे विसर्जन घटनाबाह्य ठरवले. आमदार फुटत असल्याचा पडताळता येईल असा पुरावा अहवालात नव्हता. आणि कोणाचे तरी सरकार येऊ नये म्हणून सभागृह मोडणे हे राज्यपालांचे काम नव्हे. पण ७ ऑक्टोबरच्या संक्षिप्त आदेशात न्यायालयाने जुनी विधानसभा पुनरुज्जीवित करायला नकार दिला, कारण निवडणूक तोंडावर आली होती. सविस्तर निकाल २४ जानेवारी २००६ रोजी आला, तोवर नितीशकुमार मुख्यमंत्री झालेही होते. बुटासिंग यांनी त्यानंतर राजीनामा दिला. चूक सिद्ध होऊनही तिची भरपाई न होणे, हा या पुनर्विलोकनाचा खरा कमकुवतपणा आहे, आणि बोम्मई निकालाने दिलेले निवडणूक रोखण्याचे हत्यार इथे वापरलेच गेले नाही.

याउलट अरुणाचल प्रदेशात २०१६ मध्ये विधानसभा विसर्जित झालेली नव्हती. म्हणून त्या वर्षी १३ जुलैला सर्वोच्च न्यायालय १५ डिसेंबर २०१५ ची, म्हणजे सत्तासंघर्ष पेटण्याआधीची, स्थिती पूर्ववत करून पद गमावलेल्या नबाम तुकी यांना मुख्यमंत्रिपदी परत बसवू शकले. बहुमत चाचणीआधीच त्यांनी पद सोडले आणि पेमा खांडू त्यांच्या जागी आले. तो फैसला मात्र आमदारांनी केला.