चाळलं म्हणजे निवडलं नव्हे

परवा एका खरेदीच्या अ‍ॅपवर चादर शोधत होतो. वरच्या कोपऱ्यात बटण होतं : ‘तुमचा शोध अरुंद करा’. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या गल्ल्या अरुंद आहेत, काही माणसांची मनं संकुचित आहेत. पण शोध अरुंद होतो हे मला नवीन होतं. इंग्रजीतलं ‘नॅरो डाऊन’ कुणीतरी शब्दकोशातून जसंच्या तसं उचललेलं. पुष्कळातून थोडं राखायचं असेल तर मराठी माणूस स्वयंपाकघरातले शब्द काढतो : चाळणे, पाखडणे, गाळणे, निवडणे. यातल्या चाळणे आणि निवडणे या दोघांची गल्लत फार होते.

शेजारच्या मुलाला एका कंपनीचा मेसेज आला, ‘आपली निवड झाली आहे’. घरोघरी पेढे वाटून झाल्यावर त्यानं पुढची ओळ नीट वाचली : ‘मुलाखतीसाठी’. म्हणजे त्याला चाळला होता, निवडला नव्हता.

फरक बघायचा तर दळण करताना बघावा. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, त्यामुळे हे काम आठवड्याचं ठरलेलं. आधी चाळण. माती, कणी, बारीक कचरा भोकांतून खाली. चाळणी एकेका दाण्याकडे बघत नाही. भोकाचं माप ठरलेलं, त्यात बसलं ते गेलं. मग सुपात पाखडायचं : हलकं फोलपट पुढं उडतं, जड दाणा मागं राहतो. (‘आगपाखड’मध्ये हेच पाखडणं आहे. समोर बसलेल्याच्या अंगावर काय येतं, ते सुपासमोर बसून बघा.) एवढं करूनही दाण्याएवढा खडा उरतोच. आमच्या मावशी म्हणतात, “चाळणीला डोळे असतेत व्हय? खडा बी दाण्याएवढाच की.” तो भोकातून खाली पडत नाही. मग ताटात ज्वारी पसरून, चष्मा लावून, बोटानं एकेक बघायचं. हे निवडणं.

थोडक्यात, चाळायला नियम पुरतो, निवडायला नजर लागते.

गंमत म्हणजे ‘निवडणे’ दोन्ही बाजूंनी चालतं. ‘ज्वारी निवड’ आणि ‘खडे निवड’, काम एकच. म्हणून मराठी त्याला जोडीला क्रियापद देते : मंडईत वांगी निवडून घेतो, खडे निवडून टाकतो, मत देऊन उमेदवार निवडून देतो आणि तो निवडून येतो. चाळून कुणी येत नाही. चाळणीचाही एक घोळ आहेच. ज्वारी चाळताना वर राहतं ते कामाचं, पीठ चाळताना खाली पडतं ते. परीक्षेच्या बाबतीत आपण ज्वारीचाच हिशेब धरलाय : जो गळाला तो गेला.

सरकारी मराठीनं हा भेद बऱ्यापैकी सांभाळलाय. लोकसेवा आयोगाच्या भरतीत अर्ज फार आले की ‘चाळणी परीक्षा’ होते. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ४०० गुणांची, पण ते गुण अंतिम यादीत धरत नाहीत. मुख्य परीक्षेच्या दारापर्यंत नेलं की तिचं काम संपलं. निवडणुकीतही अर्जांची होते ती छाननी : विधानसभेसाठी वय २५ पूर्ण आहे का, सूचकाची सही आहे का, प्रतिज्ञापत्र जोडलंय का. सोलापूर लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव, म्हणून तिथं जातीचं प्रमाणपत्रही लागतं. उमेदवार चांगला की वाईट हे छाननीत कुणी विचारत नाही. ते मतदारानं बघायचं, म्हणून तिचं नाव निवडणूक.

शेतीतही तेच. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून ‘एम ३५-१’ हा वाण निघाला, तो ‘निवड पद्धतीनं’. त्यातला ‘एम’ मालदांडीचा. नुसत्या मापानं हे झालं नसतं; उभ्या पिकातली झाडं पारखावी लागतात. इतक्या वर्षांनीही रब्बीला तो पेरतात.

‘गाळणे’ मात्र वेगळं. त्यात काय राखलं यापेक्षा काय सोडलं यावर जोर असतो. यादीतून नाव गाळतात, प्रश्नपत्रिकेत ‘गाळलेल्या जागा’ भरायच्या असतात.

मग त्या अ‍ॅपवर काय लिहावं? ‘यादी चाळा’ लिहिलं तर लोक ती वरवर नजर टाकून सोडतील, कारण कागद आणि पुस्तक चाळणं म्हणजे पानं उलटणं. ‘चाळणी लावा’ म्हटलं तर चालेल : डबल की सिंगल, किंमत किती, रंग कोणता. पुढं चादर हातात घेऊन, उलटी करून, वीण बघून निवडायची सोय त्या बटणात नाही. त्यासाठी मी दुकानातच गेलो.