संरक्षक भिंतीमागच्या मातीचा हिशेब : पार्श्वभूमी

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीकडे चढताना डोंगराच्या बाजूच्या संरक्षक भिंतींत ओळीने सोडलेली छिद्रे दिसतात. पावसाळ्यात काहींतून तांबूस पाणी वाहते, तर काही गाळाने आणि गवताने पार बुजलेली असतात. अशा भिंतीची जाडी ज्या गणिताने ठरते, ते अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे.

शाळेत विजेच्या नियमामुळे माहीत होणारा कूलोम मुळात फ्रेंच सैन्यातला अभियंता. मार्टिनिक बेटावर काही वर्षे किल्ल्याचे बांधकाम पाहून परतल्यावर त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध सादर केला आणि तो १७७६ मध्ये छापला गेला. भिंत किंचित पुढे कलली की मागची माती पाचरीच्या आकारात सुटून खाली सरकू पाहते. अशा अनेक संभाव्य पाचरींपैकी भिंतीवर सर्वांत जास्त जोर आणणारी पाचर शोधायची, ही त्याची युक्ती. १८५७ मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिन याने पाचर बाजूला ठेवून मातीच्या प्रत्येक कणाजवळचा ताण विचारात घेतला आणि आजही वापरले जाणारे सुटसुटीत सूत्र दिले. मातीचा घर्षणकोन, म्हणजे सुटी कोरडी माती ओतली असता ढीग साधारण ज्या उतारावर थांबतो तो कोन, ३० अंश असेल, तर आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश भरतो. घनमीटरला १८ किलोन्यूटन वजनाचा मुरूम चार मीटर उंचीच्या भिंतीमागे भरला, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर ४८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच टन जोर येतो.

हा आकडा कोरड्या भरावाचा आहे. छिद्रे बुजून पाणी माथ्यापर्यंत तुंबले, तर पाणी उचलून धरत असल्यामुळे बुडालेल्या मातीचे परिणामी वजन घटते खरे, पण पाण्याचा दाब एक तृतीयांश होत नाही, तो पूर्णच लागतो. त्यामुळे एकूण जोर शंभर किलोन्यूटनच्या पुढे, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. पाण्याचा आणि मातीच्या कणांचा वाटा असा वेगळा मोजण्याची रीत विसाव्या शतकात मृदा-अभियंता तेर्झागी याने रुजवली. भिंत थोडी हलल्याखेरीज मातीचा दाब उतरत नाही, हेही त्याने प्रयोगांनी दाखवले. पुलाच्या टोकाशी जखडलेल्या भिंतीला रँकिनचा एक तृतीयांश लावणे म्हणूनच धोक्याचे.

१९२३ च्या कांतो भूकंपानंतर जपानमध्ये ओकाबे आणि मोनोनोबे या अभियंत्यांनी कूलोमच्या पाचरीवर भूकंपाचे आडवे बल चढवले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या सातारा जिल्ह्यात ही भर केवळ परीक्षेपुरती मानता येत नाही.

सांगलीकडे कृष्णाकाठी अडचण निराळी आहे. तिथली काळी माती भिजली की फुगते, आणि फुगण्याचा तो दाब यांपैकी कोणत्याच सूत्रात बसत नाही. म्हणून भिंतीमागे मुरूम आणि दगडगोट्यांचा थर भरावा लागतो. नकाशावर तो मुरूम दाखवलेला असतो, प्रत्यक्षात मात्र पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती शेजारीच ढीग लावून पडलेली असते आणि पुष्कळदा तीच परत लोटली जाते.