एकाच घरातल्या दोन नोंदी

घरात चाललेला छळ हा शासनाने दखल घेण्याचा विषय आहे, हे कोल्हापूर संस्थानात १९१९ सालीच मान्य झाले होते. त्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी स्त्रियांच्या छळाला आळा घालणारा कायदा केला. आज मात्र पत्नीला झालेली मारहाण एका कागदावर आणि मुलाला झालेली मारहाण दुसऱ्याच कागदावर नोंदली जाते, आणि दोन्ही कागदांवरचा पत्ता एकच असू शकतो हे सहसा तपासले जात नाही.

मानसशास्त्रज्ञ अॅपल आणि होल्डन यांनी १९९८ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. आश्रयगृहांत आलेल्या स्त्रिया किंवा छळ झालेली मुले यांच्या कुटुंबांत दोन्ही प्रकारची हिंसा एकत्र असण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आढळले, तर सर्वसाधारण कुटुंबांत ते सुमारे ६ टक्के होते. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. पहिला आकडा मदत मागण्यापर्यंत गोष्टी गेलेल्या घरांचा आहे आणि तो प्रत्येक भांडणाऱ्या जोडप्याला लावणे चूक ठरेल. परंतु कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जखमा घेऊन आलेल्या स्त्रीसमोर बसलेल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना उपयोगाचा आकडा तोच आहे.

हिंसा मुलांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. कधी मारणारा हात एकच असतो, कधी आईला वाचवायला मूल मध्ये पडते, तर कधी सततच्या धाकाने खचलेली आईच मुलावर हात उगारते. (या शेवटच्या वाटेचा दोष तिच्या माथी मारून मोकळे होण्याची आपल्याला फार घाई असते.) मुलाला बोटही लागले नाही, तरी ते सुटत नाही. लंडनमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की घरगुती हिंसेत वाढलेल्या मुलांच्या मेंदूतील अमिग्डला हा धोका ओळखणारा भाग रागीट चेहरे पाहताच इतर मुलांपेक्षा अधिक सक्रिय होतो. अशा घरात ही सावधगिरी उपयोगी असते, पण तीच वर्गात बेचैनी किंवा दुर्लक्ष म्हणून दिसते आणि वर त्यासाठीही मूल मार खाते.

अशी बहुसंख्य मुले पुढे स्वतः छळ करणारी होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर तसा शिक्का मारू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात. म्हणून तिच्या अर्जात मुलांवर काय गुदरले तेही लिहिलेले असावे. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत.