जुन्या लेथची घरगुती देखभाल (कोकण किनारा)

धातू कातण्याचे जुने, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेले लेथ यंत्र घराच्या पडवीत, रिकाम्या गोठ्यात किंवा परसातल्या शेडमध्ये बसवून ते चालते आणि अचूक ठेवण्याचे काम. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्टीत हे काम देशावरच्यापेक्षा वेगळे पडते. घाटमाथ्यापलीकडे जुना लेथ मुख्यतः वापराने झिजतो. किनाऱ्यावर तो गंजतो, आणि गंजतो तो चालताना कमी, उभा असताना जास्त. वर्षभर रोज चार तास फिरणारे यंत्र आणि शेजारच्या बंद घरात झाकून ठेवलेले तसेच यंत्र यांत पावसाळ्यानंतर दुसऱ्याचीच दुरुस्ती मोठी निघते.

घरगुती लेथ किनाऱ्यावर येतात ते दोन वाटांनी: मुंबईच्या जुन्या यंत्रांच्या व भंगाराच्या बाजारातून, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आंबा किंवा फोंडा घाट उतरून. त्यांत बटाळा, लुधियाना, राजकोट येथील लहान यंत्रे असतात. १९४१ साली हरिहर येथे सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याची असतात. क्वचित पट्ट्यावर चालणारे एखादे ब्रिटिश यंत्रही मिळते. बाळगणारे बहुतेक जण मुंबईत टर्नर-फिटर म्हणून नोकरी करून गावी परतलेले किंवा आयटीआय केलेले असतात. निव्वळ हौशी थोडे. बंदरालगतच्या गावांत अशा यंत्राला मासेमारीचे कामही मिळते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि इंजिनाचे पंप, बुश (ज्यात दांडा फिरतो ती धातूची नळी), पिना, नट याच काळात दुरुस्तीला निघतात. होडीच्या पंख्याचा लांब शाफ्ट घरगुती यंत्रावर मावत नाही, पण बाकीचे किरकोळ काम बरेच असते. म्हणजे यंत्राला सर्वांत जास्त काम आणि सर्वांत वाईट हवा एकाच वेळी.

मीठ आणि गंज. पोलाद व बीड (ओतीव लोखंड) हवेत गंजतात हे सर्वांना ठाऊक असते. किनाऱ्यावरचा खरा प्रश्न मिठाचा आहे. लाटा फुटताना उडालेले खारे तुषार पश्चिमेच्या वाऱ्याने आत येतात आणि यंत्रावर न दिसणारा थर धरतात. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. त्यामुळे डिसेंबरच्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही मीठ बसलेल्या बेडवर (यंत्राचे भाग ज्यावर सरकतात त्या लांब पायावर) ओल्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा असू शकतो. अशा बेडवर थेट तेल चोळले तर मीठ तेलाखाली कोंडले जाते आणि चार-सहा आठवड्यांनी तांबूस ठिपके वर येतात. तेल हलके होते म्हणून दोष तेलाला दिला जातो.

यासाठी आधी मीठ धुणे, मग तेल. कोमट गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बेड, टेलस्टॉकची (दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाची) नळी, चकचा (काम धरून फिरणाऱ्या जबड्याचा) दर्शनी भाग पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा, रॉकेलचा हात फिरवायचा आणि मगच तेल. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते वापरले तर केलेले सगळे फुकट.

साफसफाई. गंजलेला लेथ खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेणे आणि पॅकिंगच्या पातळ पट्ट्या कोणत्या बाजूच्या ते लिहून ठेवणे एवढे पुरते. वरवरचा गंज रॉकेल आणि बारीक घासणीने निघतो. बेडवर ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर चालवू नये. गंजाने खाल्लेला खड्डा तसाच राहिला तरी चालतो, त्यात तेलच साठते. आमसुलाच्या आगळाने तांब्या लखलखीत होतो म्हणून ते बेडलाही लावून पाहण्याचा मोह होतो. आगळात आंबटाबरोबर भरपूर मीठ असते, हे लक्षात घेतले की मोह आवरतो. हँडल, बोल्ट, चेंज गिअर (आट्यांचे माप ठरवणारी बदलती दातेरी चाके) अशा सुट्या भागांसाठी विजेची पद्धत चांगली: प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा विरघळवून १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला आणि धन तार टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडतात. पट्टी स्टेनलेस स्टीलची नसावी, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बुडबुडे हायड्रोजनचे असतात. हे काम खळ्यात, उघड्यावर करावे.

बेड आणि पातळी. बेडची झीज सारखी नसते. चकजवळचा वीत-दीड वीत भाग सर्वाधिक बसतो, टेलस्टॉककडचा जवळजवळ कोरा राहतो. सॅडलच्या (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) पट्ट्या आणि जिब (फट घालवणाऱ्या पाचरी) झिजलेल्या भागात घट्ट केल्या तर तेच सॅडल पुढे सरकवताना अडकते. म्हणून जुन्या यंत्रात थोडी ढिलाई सोसावी लागते.

मात्र वाकडे कातणारे प्रत्येक यंत्र झिजलेले नसते. बरेचदा बेडला फक्त पीळ पडलेला असतो. जांभ्याच्या चिऱ्यांवर घातलेला जुना कोबा पावसात एका कोपऱ्याने बसतो आणि यंत्राचे पाय त्याच्याबरोबर जातात. तपासणी सोपी आहे. साधारण ४० मिमी जाडीचा दांडा चकमध्ये धरून १५० मिमी बाहेर ठेवायचा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. मधला भाग थोडा खोल कातून दोन टोकांना दोन कडी शिल्लक ठेवायची. मग क्रॉस स्लाइडला (टूल आडवे पुढे-मागे नेणाऱ्या भागाला) हात न लावता दोन्ही कड्यांवरून एकच हलका काप फिरवायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. बाहेरचे कडे ०.०४ मिमी जाड आले तर टूल तिथे ०.०२ मिमी दूर सरकले, कारण व्यासात चूक दुप्पट दिसते. अशा वेळी टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे कारागिराच्या बाजूच्या, पायाखाली पातळ पत्रा सारून पुन्हा काप घ्यायचा. पत्र्याची एक पट्टी, बोल्टचा अर्धा आटा, पुन्हा काप. सकाळभर हे चालते आणि त्यात खर्च जवळजवळ नसतो. पावसाळ्याआधी एकदा आणि जमीन सुकल्यावर एकदा ही चाचणी करावी.

स्पिंडल, आटे, गिअर. स्पिंडलखाली (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याखाली) लाकडी दांडा घालून हलके उचलले आणि डायल गेजने दोन-तीन शतांश मिलिमीटरपर्यंत हालचाल दाखवली, तर बुशच्या यंत्राला ती चालते. गेज त्याहून बरेच जास्त दाखवू लागले तर बुश आवळावे किंवा गनमेटलचे नवे कातून घ्यावे. तेलवाटीतली लोकरीची वात सुकून कडक झालेली असेल तर ती आधी बदलावी. बुशच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

जुन्या यंत्रांचा लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाच्या हिशेबाचा असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायला १२७ दात्यांचा चेंज गिअर लागतो, कारण १ इंच म्हणजे २५.४ मिमी आणि १२७ ही त्याची पाचपट. नेमका हाच गिअर संचातून हरवलेला असतो. किनाऱ्यावर दोन्ही मापांची गरज पडते: जुन्या होडी-इंजिनांना ५५ अंशांचा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा) आटा, नव्यांना ६० अंशांचा मेट्रिक.

तेल. सरकत्या भागांना ६८ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे तेलाचा दाटपणा), स्पिंडलला ३२ ग्रेडचे किंवा निर्मात्याने सांगितलेले तेल घालावे. शिवणयंत्रात खोबरेल घालणारी घरे कोकणात आहेत, लेथला मात्र ते घालू नये. ते खवट झाले की त्यातली आम्ले पितळी बुशला डागतात, आणि सुमारे २४ अंशांखाली ते थिजत असल्याने पौषातल्या सकाळी तेलनळीत बसते. पाण्यात मिसळायचे कूलंट घरगुती वापरात टाळलेलेच बरे. साध्या तेलाचा ब्रश पुरतो.

वीज. घरात सिंगल फेज असते, जुनी मोटर थ्री फेजची. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर बसवणे हा स्वस्त उपाय. व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारे उपकरण) बसवला तर वेग हवा तसा बदलता येतो. ४१५ व्होल्टची स्टार जोडणीची मोटर त्यासाठी डेल्टा जोडणीत आणतात, मग ती २४० व्होल्टला चालते. चक आट्यावर बसणारा असेल तर व्हीएफडीने झटका देऊन थांबवणे किंवा उलटे फिरवणे घातक. चक सुटून बाहेर येतो. पावसात वीज जाते-येते, आणि साध्या स्विचवरचे यंत्र वीज आल्यावर आपोआप सुरू होते. नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की यंत्र बंदच ठेवणारी) असलेला स्टार्टर आणि ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) यांत कंजुषी करू नये. लुंगी किंवा हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये, हे सांगायला लागू नये, पण लागते.

पावसाळी बंदोबस्त. चाकरमानी मालक जूनमध्ये यंत्र झाकून जातो आणि गणपतीला येऊन उघडतो, तेव्हा वर घातलेल्या प्लास्टिकच्या आतून पाणी ओघळत असते. लोखंडाचे वजन रात्रभर थंड राहते, सकाळची दमट हवा त्याला लागली की यंत्राला घाम फुटतो आणि प्लास्टिक तो बाहेर जाऊ देत नाही. गोणपाट तर ओल धरूनच ठेवते. सुती चादर, बेडवर ग्रीसचा पातळ हात आणि चादरीखाली लहान बल्ब किंवा हीटर, एवढे बहुधा पुरते. २७ अंशांना ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर उतरते, म्हणजे साध्या मिठाच्या पाणी ओढण्याच्या रेषेखाली. बल्ब चादरीला टेकता कामा नये, आणि बंद घरात तो लावून जाण्यापेक्षा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा यंत्र फिरवायला सांगणे अधिक सुरक्षित.

मर्यादा. हेडस्टॉकला (स्पिंडल धरणाऱ्या पेटीला) तडा असेल तर यंत्र घेऊ नये. बीडाची वेल्डिंग-ब्रेझिंग होते, पण स्पिंडलची जागा पुन्हा जुळवणे घरचे काम नव्हे. बेड फारच बसला असेल तर तो कोल्हापूरला ग्राइंडिंगला पाठवता येतो. त्यानंतर सॅडल तेवढेच खाली येते, लीड स्क्रू व हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारे दोन भागांचे नट) पुन्हा जुळवावे लागतात, आणि घाट चढण्या-उतरण्याचे भाडे वेगळे. हातस्क्रेपिंग (हाताने खरवडून बेड सपाट करणे) करणारे कारागीर किनाऱ्यावर मिळणे कठीण. म्हणून बहुतेक जण बेडला हात लावत नाहीत. आखूड काम करतात आणि लांब दांड्याचा शेवटचा काप मायक्रोमीटर लावत, टप्प्याटप्प्याने घेतात.